डबा कुठे ठेवायचा

हडर्सफील्डच्या चढावर, नळदुरुस्तीच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या.
चौदा वर्षांची शाल्मली जेवणाच्या टेबलावर
दोन लॅपटॉप मांडते. खरे नाहीत, कागदावरचे.
डावीकडे जाडा: पावणेतीन किलो,
चार्जर वेगळा, तो विटेएवढा.
उजवीकडे सडपातळ: सव्वा किलो, दिसायला शहाणा,
पण खेळ लावला की धापा टाकतो.

त्यावर उपाय आहे, मी म्हणतो
(आठवडाभर जागून हेच तर वाचलंय),
ग्राफिक्स बाहेरून जोडायचं.
एक डबा मिळतो, बुटांच्या खोक्याहून जरा मोठा,
आत कार्ड, पंखा, त्याचा स्वतःचा वीजपुरवठा.
एक केबल खुपसली
की तुझा हा काडीपैलवान आखाड्यात.

केबल केवढी? ती विचारते.
हातभर.
आणि ताकद सगळी पोचते?
सगळी नाही. तारेतून येताना थोडी गळते,
शंभरातली पंधरा-वीस.
ती मान हलवते, जणू हे तिला ठाऊकच होतं.
बुधवार ते शनिवार मी तिला फोनवर भेटतो.

मग ती पेन्सिल खाली ठेवते.
डबा कुठे ठेवायचा?

इथे, मी म्हणतो. खिडकीखाली जागा आहे.
किती पटकन म्हणालो.
जागा सोमवारीच पुसली होती,
टेपनं मोजली होती,
एक फळीसुद्धा कापून आणली होती.
हिशेब माझा चोख होता:
वेकफील्डला तिच्या आईकडे बाग आहे, मांजर आहे,
जिन्यावर गालिचा आहे.
इथे निदान सेकंदाला शंभर फ्रेम असू देत.

तेव्हा मला तो डबा नीट दिसला.
अडीचशे पौंडांचा, कार्डाचे पैसे वेगळे,
उंदराच्या सापळ्यात भजं लावतात
तसा खिडकीखाली लावलेला.

शाल्मली त्याबद्दल बोलली नाही.
सडपातळाच्या कागदाची तिनं घडी केली, घडीवर घडी,
आणि टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली.
"जाडा घेऊ. त्याचं सगळं त्याच्या पोटात असतं."

अगं, पण वाहशील कशी? वर पुस्तकं,
बसथांब्यापासून हा एवढा चढ.

"वाहतेच की," ती म्हणाली.
"कपडे, बूट, व्हायोलिन.
आणि तुम्ही दोघं एकमेकांना सांगायला
माझ्याकडे देता ते सगळं."

शेवटचं वाक्य ती इंग्रजीत बोलली.
मराठीत त्याचं भांडण झालं असतं.
मी उठून केटल लावली.

ऑक्टोबरात जाडा आला.
मेमरी सोळा जीबी, पुढे वाढवायला एक खाच मोकळी,
एवढं मात्र मी बघून घेतलं होतं.
खेळ सुरू झाला की त्याचे पंखे
शिट्टीआधीच्या कुकरसारखे फुसफुसतात,
भिंतीपलीकडे मला झोप लागत नाही,
मी तक्रार करत नाही.

केतकीला मेसेज टाकला:
चार्जर दोन घेऊ या का? तिच्या पाठीवरची वीट तरी उतरेल.
उत्तर आलं: हो. अर्धे पाठवते.
आणि तासाभरानं आणखी एक:
तो चढ तिला खरंच जड जातो का रे?
सहा वर्षांत आम्ही दोघांनी मिळून घेतलेली
ही पहिली वस्तू.

बुधवारी ती गेली
की मोजून ठेवलेल्या त्या जागेत
चार्जर नुसता पडून असतो, हिरवा ठिपका लावून.
बटण बंद करायला हवं, बिल चढतं.
मी हिशेब करून पाहिला:
वर्षाचे ऐंशी पेन्स.

ऐंशी पेन्स चालतील.