किमान तापमान

एसटीतून गठ्ठे उतरतात पाच वाजता, लिंगमळ्याच्या फाट्यावर.
कंडक्टर खाली येत नाही. आतूनच लोटतो
आणि दार ओढून घेतो,
जणू थंडी तिकीट न काढता चढेल.

सुतळी सोडायला हातातले मोजे काढावे लागतात.
ते पायमोजेच आहेत, पोराच्या शाळेचे,
टाचेच्या भोकात आता माझा अंगठा.

पहिल्या पानाच्या तळाशी बारीक चौकट असते:
महाबळेश्वर, किमान, आठ पूर्णांक चार.
असतील आठ, वर वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीत.
खाली वेण्णेच्या काठानं
गवत उभं राहिलंय खळ घातल्यासारखं
आणि डांबरावर साय धरलीय.

पहिल्या वर्षी पडले होते.
पुलाच्या आधी, जिथं झाडं नाहीत
आणि आभाळ थेट रस्त्यावर येऊन बसतं.
ब्रेक दाबला तशी सायकल म्हणाली,
तू थांब, मी जाते.
साठ पेपर ओले. पैसे माझ्या हिशेबातून कापले,
बर्फाच्या नावे कुणाचं खातं नाही.

मग दस्तगीर नालबंदांकडे गेले.
त्यांचे आजोबा घोड्यांना नाल ठोकायचे, वडीलही.
हे पंक्चर काढतात.
त्यांनी टायर दाबून पाहिला, आंबा पाहावा तसा,
आणि फुस्स करून हवा सोडली.
"टणक चाक घसरतं, बाई. थोडं ढिलं राहू दे,
जमीन धरायला त्याला अंग पाहिजे.
पुढचा ब्रेक विसर.
वळायचंच असलं तर आधी मनात वळून घे.
आणि चाकाकडं बघू नको,
जिथं जायचंय तिथं बघ."
पैसे घेतले नाहीत.
हवा भरायचे घेतो, म्हणाले, सोडायचे कसले?

तेव्हापासून मी बघते
बावळेकरांच्या गेटवरचा पिवळा बल्ब.

घंटी वाजत नाही. वाटीवर दव गोठतं,
टप्प, एवढंच बोलते.
म्हणून वळणावर मी खोकते.
स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर गोणपाटं सारखी करणारा
अंधारातला कुणीतरी उलट खोकतो.
चार हिवाळे झाले, एवढीच ओळख.

चाकाखाली आवाज येतो, पापडाहून बारीक,
शेजारच्या खोलीत कुणी कागदाची पुडी सोडतंय
झोपलेल्याला न उठवता.
आवाज आहे तोवर बरं.
आवाज बंद झाला की तिथं काळं असतं, गुळगुळीत.
मी पायडल थांबवते, श्वासही,
आणि जे व्हायचं ते सरळ होऊ देते.

जानेवारीत एका शुक्रवारी फोटो आला, चार कॉलम.
वेण्णा तलावावर हिमकण.
जेटी पांढरी, होड्या पालथ्या,
कानटोपीतला एक पाहुणा
टपावरून खरवडलेला चुरा ओंजळीत धरून हसतोय.
मागं रस्ता.
रस्त्यावर एक काळी रेघ, बोटाएवढी,
पुलाआधी जराशी थरथरलेली, मग सरळ.

माझी.
ते सगळे उठायच्या आधी मी तिथून गेले होते.

टपरीच्या दिव्याखाली थांबून पाहिलं.
मग घडी घातली. मग उरलेल्या एकोणसाठांची.
बावळेकरबाईंनी विचारलं, आज उशीर?
म्हटलं, धुकं होतं.
नव्हतं.

दहापर्यंत ऊन येतं. रस्ता नुसता ओला दिसतो,
सांगितलं तर कुणाला पटणार नाही.
मऊ चाक आता जड जातं,
चढावर तर मागून कुणी पदर धरल्यासारखं.
नालबंदांच्या दुकानाबाहेर पंप साखळीनं बांधलेला असतो.
मी हवा भरते, रुपया डब्यात टाकते.
उद्या पहाटे तीच सोडायची असते.