एक्केचाळीस गाठी

विमा कंपनीनं मला पाठवलं ते
दोष कुणाचा हे शोधायला नव्हे,
दोष नरसय्याचाच कसा, हे लिहून आणायला.
फेरीला अठराशे रुपये, पेट्रोल वेगळं.

पंचनाम्यात होतं : लुना मधल्या रेघेपलीकडे,
कारच्या चाकांची घसरण चार मीटर,
रस्त्याच्या उत्तरेला लिंबाचं झाड.
अक्कलकोट रोडला गेलो, एमआयडीसीच्या वळणावर.
झाड दक्षिणेला.
आणि रस्ता कोरा, काळाभोर.
सोलापुरात इतकं वेळेवर डांबर
मी पहिल्यांदाच पाहिलं.

पंच म्हणाला, सही चौकीत केली,
चहाही तिथंच घेतला.
टॉवेलच्या दुकानाचा कॅमेरा अकरा मिनिटं मागं.
त्यात एक कुत्रं पळतं,
मग नुसती धूळ.

विडी घरकुलात पोशव्वा पानं कातरत होती.
सूप बाजूला सारून तिनं
नवऱ्याचा उजवा हात उचलून दाखवला,
गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसा.
बत्तीस वर्षं तुटला धागा पकडून
मागाच्या खडखडाटात गाठ मारणारी बोटं.
दाखल्यात लिहिलंय, अडतीस टक्के.
"मग उरलेले बासष्ट कुठल्या बोटात हैत ओ?"
मी फॉर्मकडे बघत राहिलो.

तिनं पत्र्याच्या डब्यातून रीळ काढलं.
ताण्याचा पांढरा दोरा, हाता-हातावर गाठ.
दुसऱ्या दिवशी पहाटे, ट्रक कमी असताना,
गुडघे टेकून मोजला होता तिनं
रबराचा काळा पट्टा
नरसय्याच्या चपलेपर्यंत.
मध्ये एक गाठ लाल, विडीच्या दोऱ्याची :
"हितं गाडीनं रेघ वलांडली."
मी टेप लावली.
अठरा मीटर, वर चार बोटं.

दोरा म्हणजे पुरावा नव्हे,
हे कोर्टाच्या आधी मला ठाऊक.
पण क्रेनवाल्या दस्तगीरच्या फुटक्या मोबाईलमध्ये,
पोरीच्या वाढदिवसाच्या केकमागं,
एक फोटो निघाला :
कार, पट्टा, आणि पट्ट्याखाली पांढरी रेघ.

रकाना चौदा, दोष कोणाचा.
लिहिलं. दोरा अहवालाला टाचला.
साहेबांनी विचारलं, "हे काय?"
त्यानंतर फाईल आली नाही.

निकाल नाही अजून. तारखा पडतात.
परवा पोशव्वाचा फोन :
"तेवढा दोरा परत द्या की ओ.
मालकाचा हाय.
बीम कमी भरलं म्हणून
आमच्या पोराला विचारालाय."