चिलोए बेट, अकरावा आठवडा

आई, आज सोमवार,
कपडे धुण्याचा आणि तुला लिहिण्याचा वार.
कपडे काही वाळत नाहीत. चार दिवस चुलीवर टांगलेले,
म्हणून माझ्या एकुलत्या एका टायला
धुराचा आणि थोडा मासळीचा वास येतो.
व्हिलियामी म्हणतो, बरंच झालं,
लोकांना आपण इथलेच वाटू.

व्हिलियामी माझा जोडीदार, टोंगाचा.
दारातून तिरका होऊन शिरतो,
रात्री उशीत तोंड खुपसून बहिणींची नावं घेतो.
एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, असा नियम.
तो रडतो तेव्हा मी खिडकीकडे बघतो.
तेवढंच नजरेआड.

आठवड्याचा हिशेब वर कळवावा लागतो :
दारं ठोठावली, दोनशे सहा.
उघडली, एकतीस.
आत घेतलं, नऊ.
पुन्हा या म्हणाले, चार; त्यांतले दोन आमच्या बुटांकडे बघून.
बाप्तिस्म्याला तयार, कोणी नाही.
कुत्रा चावला, त्याला रकाना नाही.

बुधवारी लाँचने पलीकडच्या बेटावर गेलो.
सात मेंढ्या, एक शिवणयंत्र, गॅसची नळकांडी आणि आम्ही.
काळे कोट बघून एका म्हातारीने विचारलं,
कोण गेलं रे बाळांनो?
कोणी नाही, म्हटलं. उलट चांगली बातमी घेऊन आलोय.
ती म्हणाली, मग इतके भिजलात कशाला?

तिचं नाव दोन्या एदुविहिस.
तिच्या ओसरीत बटाट्यांचे ढीग :
जांभळे, काळे, बोटांसारखे वाकडे,
एकाचं नाव चेटकीण.
मी सांगितलं, माझे वडीलही बटाटे लावतात,
नजर पोचेल तिथवर.
किती जातींचे?
एकच.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की अनाथ कोण, ते मला कळलं.
पत्रक तिने निगुतीने घडी घालून
बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, डॉक्टरच्या चिठ्ठ्यांशेजारी.
वाचता येत नाही म्हणाली, पण चित्रातला माणूस थकलेला दिसतो.

आणि शनिवारी आम्ही घर ओढलं.
हो, घर. दोन आर्नोल्दो कार्कामोचं,
समुद्राने ज्याचं अंगण गिळलं,
ते आता वर टेकाडावर, त्याच्या विधवा बहिणीच्या शेजारी न्यायचं.
आपल्याकडे बांधलं की संपलं.
इथे घर पाहावं ओढून.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या आठ जोड्या,
आणि दोरावर अख्खा गाव.
व्हिलियामीचा सदरा पाठीवर उभा फाटला
आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो मोठ्याने हसला.
मी दोनदा चिखलात आडवा झालो.
मान वर करून बघतो तर
खिडकीत मांजर, पडद्याशेजारी बसलेली,
जग सरकतंय आणि आपण जागच्या जागी, अशा तोऱ्यात.

संध्याकाळी ओलं घर टेकाडावर टेकलं.
त्यांचा पाद्री वर्षातून एकदा होडीने येतो,
म्हणून दोन आर्नोल्दोने टोपी काढली, मला म्हणाला,
तू बोलायचं काम करतोस ना, मग बोल.
आई, सहा धडे मला तोंडपाठ आहेत,
झोपेतून उठवलं तरी कुठूनही सांगेन.
एकही आठवला नाही.
हाताला दोराचे वळ, तोंडात पाऊस.
मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणालो,
घर आलं.
सगळे म्हणाले, आमेन.
आणि लगेच कालवं वाढायला घेतली.

हे कुठल्या रकान्यात लिहू?
व्हिलियामी म्हणतो, लिहू नकोस, विचारतील.

बाबा अजून माझ्यावर रागावलेत, ऐन काढणीत गेलो म्हणून,
माहीत आहे मला. तू फक्त जेवताना सहज विचार,
काळ्या सालीचा बटाटा आपल्या मातीत येईल का.
उत्तर दिलं नाही तरी
ते काय करत होते, चमचा थांबला का, ते कळव.

ता. क. मोजे पाठवू नकोस.
इथे नाही म्हणणाऱ्या बायकाही
विणून देतात.