सातवी ओळ, पाचवी वेल

दंडोबाच्या डोंगरावर मी रिलेची पेटी ठोकत होतो.
पाइप धरून उभी अकुताई म्हणाली,
"भोश्याचं यंत्र आन् खरशिंगचं
दोन्ही एकदम बोलली तर?"

बोलणारच एकदम.
पहाटे साडेचारला दव पडतं डोंगराच्या दोन्ही अंगांना,
दोन्ही बागांतले सेन्सर तेव्हाच तोंड उघडतात,
आणि डावणी कुणाच्या पाळीसाठी थांबत नाही.
जुनी पेटी एकाला गप्प बसवायची,
आधी तू, मग तू.
तोवर पानामागं पांढरं धरलेलं असायचं.

खाली आल्यावर तिला तिच्याच बागेत नेलं.
म्हटलं, कोपऱ्यातल्या डांबापासून चाल.
दोन ओळी आत, चार वेली पुढं.
आता तिथनं अजून पाच ओळी, एक वेल.
कुठं आलीस?
"वेलीपाशीच की."
कुठलीही चाल कुठल्याही चालीत मिळव,
नऊ बाय पाचच्या लावणीत
रिकाम्या सरीत पाय पडायचा नाही.
वाऱ्यानं हातभर ढकललंच
तर जवळची वेल धर. तीच तुझी.
अट एकच, दोघांची लावण सारखी हवी.
"ती हाय. आबांनी दोन्ही बागा
एकाच दोरीनं आखल्यात."

वरच्या पेटीला एवढंच कळतं :
सातवी ओळ, पाचवी वेल.
कोण किती चाललं, ती विचारत नाही.
बेरीज उचलते, दोन्हीकडं हाळी देते.
खरशिंग आपली चाल वजा करतं, उरतं भोसे.
भोसेही तसंच.

अकुताई डांबाला टेकून बराच वेळ उभी.
"बोअरच्या भांडणात
मी आन् बाबगोंडा अकरा वर्षं एकदम बोलतोय.
मधल्या पंचांना नुसता गलका ऐकू आला."
मग, सरीकडं बघत,
"मीच काय बोलले ते मला धड आठवंना.
त्यातनं त्याचं कसं काढू?"

यावर माझ्याकडं वायर नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार बत्तीसला आकडा आला.
तिनं वजाबाकी बोटांवर करून पाहिली.
"त्याच्याकडं ओल जास्त दिसती," म्हणाली,
आणि थोड्या वेळानं डोंगरापलीकडून
ब्लोअरचा आवाज आला.

फवारणीच्या वहीचं शेवटचं पान उघडून
ती लिहायला बसली,
पहिल्या दिवशी आपण काय बोललो ते.
एक ओळ लिहिली.
खोडली.
"असं नव्हते बोलले," म्हणाली,
"याहून वाईट होतं."