सकाळी सातला

रुस्तावीच्या बाजारात गोचाने गाडी दाखवली
तेव्हा बॉनेट कोमट होतं.
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा मी त्यावर हात ठेवला
आणि म्हणालो, ऊन छान पडलंय.
नोव्हेंबर होता.

चाळीस वर्षं पियानो लावतोय मी.
एखादी तार केसभर उतरली असेल
तर जिन्यातच कळतं मला,
दार उघडायच्या आत.
गोचाने रेडिओ लावून ठेवला होता.
मोठ्याने नाही. पुरेसा.

"अमेरिकेतली आहे, एका डॉक्टरीणबाईंची.
फक्त दवाखाना आणि घर."
बाई दवाखान्यापासून फार लांब राहत असाव्यात.

पहिल्या थंडीत, कुताइसीला, अंगणात
किल्ली फिरवली आणि आत
कुणीतरी वाटीभर खिळे पत्र्यावर ओतले.
तीन सेकंद. मग शांत.
दुसऱ्या दिवशी पाच.
मी घड्याळ लावून ऐकू लागलो.
लामारा खिडकीतून म्हणाली,
विकतचं दुखणं ते, बस आता कुरवाळत.

बाद्री गाडीखाली शिरला
आणि बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत राहिले.
टायमिंग चेन सैल.
आवाज दाबायला तेलात मधासारखं काही दाट ओतलेलं.
इंजिनाचा दिवा लागत होता, विझत होता, शहाण्यासारखा,
कारण त्याची तार बॅटरीच्या दिव्याला बांधलेली:
जुन्या नवराबायकोसारखे
एक गप्प झाला की दुसराही गप्प.
मग त्याने सीटबेल्ट ओढला.
ओढतच गेला, जिथवर कधी कुणी ओढत नाही तिथवर,
आणि तिथे पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ.
"पाणी," बाद्री म्हणाला. "इथवर."
माझ्या छातीला बोट लावून.

गालिच्याखाली गाळ. वाळलेला, पिठासारखा.
रिओनीचा नाही, रिओनीचा मी ओळखतो.
कुठल्या नदीचा कोण जाणे.
त्यात केसांची एक पिवळी क्लिप
आणि गोगलगायीचा रिकामा शंख.

गोचाचा फोन लागेना.
मी मनात शिव्या जुळवत होतो, चांगल्या खणखणीत,
आणि मध्येच झेस्तापोनी आठवलं.

त्या वर्षी वीज नव्हती, पगार नव्हता.
एकाला पियानो विकायचा होता.
आतली खुंट्यांची फळी उभी चिरलेली,
तडकलेलं मडकं पाणी धरेल तेवढाच सूर धरणार.
मी एकेका खुंटीभोवती सँडपेपरची चिंधी गुंडाळली,
आठवडा निघेल एवढं केलं.
पिठाचं पोतं मिळालं.
घेणारी मेदेया, शिवणकाम करायची.
मुलीला पुढे ढकलून म्हणाली, वाजव.
पोरीने दोन बोटांनी काहीतरी वाजवलं,
आणि पियानो खरंच सुंदर लागला होता.
तेच सलतं. सुंदर लागला होता.

आठव्या दिवशी काय झालं
ते ऐकायला मी गेलो नाही.

दुरुस्तीला गाडीच्या निम्मे पैसे.
"उन्हाळ्यात वीक," बाद्री म्हणाला,
"आधी तासभर फिरवून आण."
वाईट माणूस नाही तो. चहाही दिला.

परवा सामत्रेदियाहून फोन आला. आवाज तरुण, घाईत.
बायकोचे दिवस भरत आलेत, गाडी हवी.
दुपारी येतो म्हणाला.
नको, म्हटलं, सकाळी सातला ये.
रात्रभर अंगणात उभी असेल, गार.
किल्ली तूच फिरव. सीटबेल्टही ओढून बघ, शेवटपर्यंत.
"एवढ्या लवकर?" तो म्हणाला,
आणि जरा थांबून, "बघतो."

आला नाही.
सातला मी एकटाच अंगणात.
आज नऊ सेकंद.
झेस्तापोनी काही लांब नाही, एवढं ती ओढेल.
हत्यारांची पेटी मागच्या सीटवर ठेवली आहे
कालपासून.