वाळवण

आमच्या बेटावर वीज यायच्या आधी फ्रिज आला.
इओतेबाच्या पहिल्या पगाराचा,
जर्मन मालवाहू जहाजावरून धाडलेला,
पांढरा, माणसाएवढा.
ओहोटीच्या पाण्यातून चौघांनी खांद्यावर आणला,
मयत आणतात तसा, पण हसत.

आईनं तो पुसला. उघडला. लावला.
म्हणाली, दाराचं रबर घट्ट आहे,
आणि आत बायबल ठेवलं.
शेजारी आम्हा भावंडांच्या बाप्तिस्म्याचं एकच कापड,
आळीपाळीनं सगळ्यांनी भिजवलेलं,
आणि सुतळीत बांधलेली इओतेबाची पत्रं.
आता कसर नाही, उंदीर नाही, खारा वारा नाही.
लोक गार नारळपाण्याच्या आशेनं यायचे
आणि वचन ऐकून जायचे.

पुढच्या वर्षी पत्रं थांबली.
कंपनीचं एक आलं, टाईप केलेलं:
रात्रपाळी, खवळलेला समुद्र, बेपत्ता.
बाबांनी पत्र सोडून शिक्काच बघितला, किती वेळ.
आमच्या देवळाची घंटा म्हणजे लढाईतलं गॅसचं नळकांडं.
त्या रविवारी ती वाजली नाही.
पुढच्या रविवारी वाजली.
मधल्या दिवसांत त्यांचं देवाशी काय बोलणं झालं
मी विचारलं नाही. आजही नाही.

ते पत्र आईनं सुतळीत घातलं नाही.
फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं. बाहेर.

मग फेब्रुवारीतली ती भरती.
पाणी आधी अळूच्या खड्ड्यात शिरलं.
इओतेबा जन्मला तेव्हा लावलेलं अळू,
त्याच्या लग्नाच्या पंगतीसाठी राखलेलं,
मिठानं एका रात्रीत करपलं.
मग अंगणातल्या थडग्यांवर. मग घरात.
आणि फ्रिज उठला.
खरंच उठला, आडवा झाला,
घरचाच कुणी निघावा तसा दारातून निघाला,
आणि आई छातीभर पाण्यात त्याच्यामागे,
डुकरं सोडून, चटया सोडून.
बाबा ओरडत होते,
रोटिया, मशीन धर! शिलाई मशीन!

सकाळी तो प्रवाळाच्या खडकावर सापडला.
दार उघडं.

आईनं देवळाच्या ओट्यावर चटई अंथरली.
चिकटलेली पानं नखानं सोडवली,
एकेका पानावर एकेक शिंपला.
ईयोब उन्हात. स्तोत्रं सावलीत,
त्यांची शाई आधीच फिकी होती म्हणून.
शेजारणी आल्या. कुणाचं छप्पर गेलेलं,
ताबेताची तर चूलही.
पानं मोजली तर कमी भरली.
लूकमधलं नेमकं ते पान नव्हतं,
ज्यात बाप मुलाला लांबूनच ओळखतो.

मला येतं, ताबेता म्हणाली, आणि अर्ध्यावर अडली.
तिथून म्हातारा काइएआ.
त्याच्यापुढे एक पोरगा, चाचपडत,
वासरू कापलं म्हणायच्या जागी डुक्कर कापलं म्हणाला.
बरोबरच आहे, वासरू पाहिलंय कुणी इथं?
आम्ही हसलो. भरतीनंतर पहिल्यांदा.
शेवटचं वाक्य मात्र कुणालाच आठवेना.

बाबांना येत होतं.
सगळे त्यांच्याकडे बघत थांबले.
ते उठले, चिखलातून घंटेपाशी गेले
आणि वाजवत राहिले.
वार बुधवार होता.

इओतेबाच्या पत्रांवरची शाई सगळी गेली होती.
आईनं ते कोरे कागदही मांडले,
त्यांच्यावर जरा मोठे शिंपले.

दुपारी सरकारी होडीतून कारकून आला,
नुकसानीची यादी घेऊन.
मशीन एक. डुकरं तीन. फ्रिज एक, गंजलेला.
मौल्यवान वस्तू काही?
त्यानं पेन्सिल ओली केली.

आईनं चटईकडे हात केला.
आहेत, म्हणाली,
पण अजून ओल्या आहेत.
उद्या या.