पाट्या

टिलेननं फोनवरच सगळं कबूल केलं होतं.
नवी प्रणाली दुसऱ्या डिस्कवर टाकायची होती त्याला;
बोट घसरलं, किंवा घाई झाली,
किंवा नुसतेच रात्रीचे दोन वाजले होते.
आता सर्व्हर म्हणतो: डिस्क कोरी आहे.
दोन टेराबाइट, आणि आत कुणीच राहत नाही.

कामनिकच्या मधपाळ संघाचं कार्यालय
डेअरीच्या वरच्या मजल्यावर. जिन्यातच मेणाचा वास.
भिंतीवर जुन्या पेट्यांच्या दर्शनी पाट्या:
एकीवर कोल्हा शिकाऱ्याची दाढी करतोय,
एकीवर सैतान कुणा बाईच्या जिभेला
सहाणेवर धार लावतोय.
"माशीला आपलं घर कळावं म्हणून," ओझ्बेय म्हणाला.
वय एकोणऐंशी. टोपी घरातही डोक्यावर.
"पाटी काढली तर मरतात का माश्या?"
"छे. भांबावतात."
"मग तुमचंही एवढंच झालंय," मी म्हटलं,
आणि ते खरं निघावं म्हणून मनात
कुणाला तरी हात जोडले.

मूळ डिस्कवर काही करायचं नाही, हे पहिलं.
आधी नक्कल, शेवटच्या बाइटपर्यंत,
दुखऱ्या जागांसकट.
एकोणीस तास.
बाहेर बर्फ, आत पंख्याची घरघर,
आणि मधूनच एक टक्, जीभ टाळ्याला लावून
कुणी नाराजी दाखवावी तसा.

वाटणीचा कागद दोन ठिकाणी असतो:
एक उंबरठ्याशी, एक पार परसदारी.
उंबरठा टिलेननं पुसला.
परसदारी जुन्या कंट्रोलरनं
कधीच आपली चूल मांडली होती.
म्हणजे कागद गेला.
पण बांध जमिनीत असतो,
कागदावर असते ती त्याची बातमी.

मग मोजत निघाले.
बत्तीस हजार सातशे अडुसष्ट: राख.
अठ्ठ्याण्णव हजार तीनशे चार: राख.
कुणा शहाण्यानं फार पूर्वी ठरवून ठेवलंय
की वाईट दिवसासाठी, ठरावीक पावलांवर,
स्वतःची आठवण पुरून ठेवायची.
एक लाख त्रेसष्ट हजार आठशे चाळीस.
खणकन.
तिथून उलट्या पावली आलं की सुरुवात.

फक्त वाचायला उघडली.
आणि आल्या की राण्या! वर्षावर वर्षं,
क्रमांक, आई, बापाचं घराणं, मध किती, राग किती,
पाठीवरच्या ठिपक्याचा रंग.
टिलेन खुर्चीत बसला, तो बसलाच.

एकच ओळ मिळाली नाही.
अठ्ठ्याण्णव सालची, एकशे बारा, लाल ठिपका;
आई शाबूत, आणि बापाच्या जागी
शून्यं, शून्यं, शून्यं.
चार वेळा वाचून पाहिलं. तिथे डिस्कच मेलेली.
सांगायला जीभ वळेना:
पुढच्या निम्म्या राण्या तिच्याच लेकी, नाती, पणत्या.

ओझ्बेय पडद्याशी नाक लावून बघत राहिला.
मग त्यानं टोपी काढली.
"तेवढीच ना? बरं झालं.
त्या उन्हाळ्यात माझा गुडघा धरला होता.
तिला डोंगरावर नेलीच नाही मी.
इथेच खाली उडाली,
कुणाकुणाबरोबर ते देव जाणे.
बापाचं घराणं मी ठोकून दिलं होतं."
आणि हसला, खोकला येईपर्यंत.

"मग काय भरू इथे?"
"काही नको. छान पोरी झाल्या तिच्या,
मऊ स्वभावाच्या. लाल ठिपका तेवढा राहू दे."

बिलावर लिहिलं: एक नोंद मिळाली नाही.
त्यानं पैसे मोजले, वर शेवग्याएवढ्या जाड बोटांनी
बरणीचं झाकण पुन्हा एकदा आवळून दिलं.
टिलेन कोपऱ्यात दोन्ही डिस्कवर
कागद चिकटवत होता.
एकावर तारीख.
दुसऱ्यावर, वाईट नाही, कोल्हा.